डेव्ह पिएट्रामाला : डिफेंडरची कारकीर्द कशी वाचायची

मेरीलँडमधल्या एका मराठी आईने विचारलं आहे : मुलगा नववीत आहे, शाळेच्या लॅक्रॉस संघात (टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा हा मैदानी खेळ) डिफेन्सला, म्हणजे बचावाला, खेळतो. मोसम संपल्यावर अटॅकच्या मुलांच्या नावापुढे गोलांचे आकडे होते, याच्या नावापुढे जवळजवळ काहीच नाही. कॉलेजच्या प्रशिक्षकांना दाखवायचं काय? जागा बदलून घ्यावी का? आणि कॉलेजात खरोखर गाजलेला एखादा डिफेंडर असेल तर त्याची कारकीर्द समजावून सांगा, म्हणजे चांगला डिफेंडर कसा असतो ते आम्हालाही कळेल.

मी पुण्यात खडकीकडे हॉकी खेळत मोठा झालो, फुलबॅकला. अमेरिकेत आल्यावर लॅक्रॉसच्या डिफेन्सच्या मुलांना शिकवायला लागलो आणि अजूनही शिकवतो. तेव्हा आधी उत्तर देऊन टाकतो : जागा बदलू नका. निदान आकडे नाहीत एवढ्या कारणासाठी तरी नाही. का, ते सांगायला डेव्ह पिएट्रामालाइतकं चांगलं नाव माझ्याकडे दुसरं नाही. कॉलेज लॅक्रॉसमधला आजवरचा सर्वात मोठा डिफेंडर कोण, असं या खेळातल्या जुन्या माणसांना विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव त्याचंच येतं. माझ्याही.

मैदानाची थोडी मापं आधी सांगतो, नाहीतर पुढचं अधांतरी वाटेल. एका बाजूला दहा खेळाडू असतात : तीन अटॅक, तीन मिडफील्ड, तीन डिफेन्स आणि गोलरक्षक. गोल सहा फूट रुंद, सहा फूट उंच. तो शेवटच्या रेषेवर नसतो, १५ यार्ड आत असतो, त्यामुळे गोलच्या मागेही खेळायला भरपूर जागा मिळते. गोलभोवती नऊ फूट त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे क्रीझ. अटॅकच्या खेळाडूची काठी ४० ते ४२ इंचांची. डिफेंडरची ५२ ते ७२ इंचांपर्यंत चालते, आणि बहुतेक जण पूर्ण सहा फुटीच घेतात. तुमच्या मुलाची काठी गाडीत तिरकी का ठेवावी लागते, ते यामुळे.

पिएट्रामाला न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरचा, हिक्सव्हिलचा. आज हिक्सव्हिल म्हटलं की तिकडच्या आपल्या लोकांना भारतीय किराणा आणि साड्यांची दुकानं आठवतात, पण लाँग आयलंड हा लॅक्रॉसचा जुना बालेकिल्ला आहे. त्याची शाळा मॅनहॅसेटची सेंट मेरीज. तिथून तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आला आणि १९८६ ते १९८९ असे चार मोसम खेळला.

हॉपकिन्स आपल्याला वैद्यकीय शिक्षणामुळे माहीत असतं. खेळात त्याची गोष्ट वेगळीच आहे. बाकीच्या बहुतेक खेळांत हे विद्यापीठ तिसऱ्या विभागात खेळतं, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या गटात. लॅक्रॉस मात्र पहिल्या विभागात, थेट देशातल्या सर्वोत्तम संघांशी. चार्ल्स स्ट्रीटला लागून असलेल्या होमवूड फील्डवर सामना असला की शहरातली म्हातारी माणसंही येऊन बसतात. पिएट्रामाला आला तेव्हा प्रशिक्षक होते डॉन झिमरमन, आणि त्यांच्या हाताखाली संघाने १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. अशा संघात नवख्या मुलाला जागा मिळणं सोपं नसतं, आणि मिळालेली टिकवणं त्याहून अवघड.

त्याचा दुसरा मोसम म्हणजे १९८७. हॉपकिन्सने त्या वर्षी काही सामने गमावले होते, त्यामुळे विजेतेपदाच्या गप्पांत त्यांचं नाव वर नव्हतं. वर होतं मेरीलँड, आणि कॉर्नेल. दोघंही अपराजित. हॉपकिन्सने उपांत्य सामन्यात मेरीलँडला घरी पाठवलं आणि न्यू जर्सीत रटगर्सच्या मैदानावर अंतिम सामन्यात कॉर्नेलला ११–१० असं हरवलं. गोलमध्ये होता क्विंट केसेनिच, कॉलेजचं पहिलंच वर्ष असलेला मुलगा. पुढे तो टीव्हीवरचा समालोचक म्हणून घराघरांत पोचला.

११–१० हा आकडा डिफेंडरच्या नजरेने पाहा. दहा गोल झाले म्हणजे बचाव ढिला होता, असं क्रिकेट-हॉकीवरून आलेल्या आपल्यासारख्यांना वाटतं. लॅक्रॉसमध्ये दोन्हीकडून दहा-बारा गोल होणं सामान्य आहे. प्रश्न असतो तो कुठला गोल झाला नाही याचा. एका गोलाने जिंकलेल्या सामन्यात अडवलेला प्रत्येक हल्ला विजेतेपदाएवढ्या मोलाचा, पण त्यातला कुठलाच धावफलकावर येत नाही. म्हणूनच डिफेंडरची कारकीर्द आकड्यांतून वाचायला गेलं की हाती फार थोडं लागतं. ती वाचायची तर एक अख्खा हल्ला पाहायला हवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

तोच आता सांगतो. हा भाग लांब होईल, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे.

समजा चेंडू गोलच्या मागे, बरोबर मधोमध, अटॅकच्या सर्वात तरबेज मुलाच्या काठीत आहे. या जागेला सगळे ‘एक्स’ म्हणतात. त्याला गोलच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने वर यायचं आहे, कारण गोलच्या मागून सरळ फटका मारता येत नाही. तुमचा मुलगा त्याच्यासमोर आहे. पहिली गोष्ट म्हणजे तो त्याच्यापर्यंत कसा पोचतो. पूर्ण वेगात धावत गेला तर अटॅकर एक हूल देऊन बाजूने निघून जाणार. म्हणून शेवटची चार-पाच पावलं आखूड टाकायची, गुडघे वाकवायचे, कंबर खाली, आणि काठीचं टोक समोरच्याच्या हातमोज्यांपाशी आणून ठेवायचं. मारायचं नाही, नुसतं ठेवायचं. सहा फुटी काठीचा खरा उपयोग हा : समोरचा हात न पुरेल इतका लांब राहतो, आणि त्याचे हात मात्र तुमच्या टोकाखाली असतात.

मग अटॅकर एक बाजू धरून धावतो. आता पाय तिरके पडायला हवेत आणि नितंबांचा कल बदलायला हवा. डिफेंडर चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. अटॅकर गोलच्या रेषेच्या समांतर आला की त्याला दोन वाटा असतात : एक वरून, गोलच्या समोर; दुसरी उलट वळून खालून. वरची वाट द्यायचीच नाही. गोलसमोरून मारलेला फटका गोलरक्षकाला सर्वात अवघड, कारण अख्खा गोल उघडा असतो. म्हणून डिफेंडर आपलं अंग त्याच्या वरच्या खांद्याशी ठेवतो आणि त्याला बाहेरच्या बाजूने, अरुंद कोनाकडे ढकलत नेतो. बंद मुठीने आणि कोपरापुढच्या हाताने दाब देता येतो. दोन हातांमधल्या काठीच्या दांड्याने ढकललं तर फाउल.

आणि हे सगळं चालू असताना ‘चेक’, म्हणजे काठीने समोरच्याची काठी किंवा हात उडवून चेंडू पाडणं. हातमोजा घातलेला, काठी धरलेला हात नियमाप्रमाणे काठीचाच भाग धरतात, त्यावर मारलेलं चालतं. सर्वात साधा चेक म्हणजे पोक : खालच्या हाताने काठी सरळ पुढे सारायची, वरच्या हातातून ती घसरत जाऊ द्यायची, टोक समोरच्याच्या खालच्या हातावर लागलं पाहिजे. दुसरा स्लॅप, आडवा आखूड फटका. त्यापुढे लिफ्ट, रॅप, आणि डोक्यावरून पलीकडे काठी टाकून चेंडू काढण्याचा प्रकार, जो लागला तर प्रेक्षक उभे राहतात आणि हुकला तर डिफेंडर गेला.

कबड्डी पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. कोपऱ्यातला चांगला पकडपटू चढाई करणाऱ्याचा पाय दिसला म्हणून झेपावत नाही. चढाईवाल्याचं वजन दुसऱ्या पायावर गेलं, आता मागे फिरता येणार नाही, त्या क्षणी घोटा धरतो. चेकचंही अगदी तसंच आहे. पाय जागेवर नसताना केलेला चेक म्हणजे जुगार.

पिएट्रामालाचं वेगळेपण मला इथे दिसतं. सहा फुटांहून चांगलाच उंच, अंगाने दणकट, आणि त्या अंगाच्या मानाने पाय फार चपळ. त्याची ख्याती झाली ती चेंडू हिसकावून घेण्यासाठी, आणि ती खोटी नाही. त्याच्यासमोर चेंडू घेऊन उभं राहायला अटॅकर नाखूश असत. पण जुन्या सामन्यांची चित्रणं मुलांना दाखवताना मी चेकच्या आधीच्या दोन सेकंदांवर थांबवतो. तेव्हा तो आधीच योग्य जागी असतो. समोरच्याला वरची वाट उरलेली नसते, त्याला काठी एका हातात घ्यावी लागलेली असते, आणि मग चेक येतो. लोकांना लक्षात राहतो तो शेवटचा फटका. माझ्या मते त्याचा नव्वद टक्के भाग पायांनी आधीच करून ठेवलेला असतो. त्याची नक्कल करणारी शाळकरी मुलं चेकची नक्कल करतात आणि पहिल्या दहा मिनिटांत स्लॅशिंगच्या, म्हणजे काठी बेफाम मारण्याच्या, फाउलमुळे बाहेर जाऊन बसतात.

चेंडू पडला तरी काम संपत नाही. जमिनीवरचा चेंडू, ग्राउंड बॉल, कोण उचलतो यावर सामने फिरतात. दोन डिफेंडर जवळ असतील तर एकाने ‘मॅन’ ओरडून माणूस अडवायचा, दुसऱ्याने ‘बॉल’ ओरडून चेंडू घ्यायचा. उचलताना थांबायचं नाही. मागचा हात जवळजवळ जमिनीला टेकवून काठी आडवी करायची आणि चेंडूतून धावत पुढे निघायचं. लगेच पुढचं काम म्हणजे क्लिअर, चेंडू आपल्या अर्ध्यातून पलीकडे पोचवणं. आज कॉलेजात त्याला २० सेकंद मिळतात. सहा फुटी काठीने धावत, झेलत, फेकत हे करायचं असतं. जुन्या काळचा डिफेंडर नुसता आडवा उभा राहणारा गडी समजला जाई. पिएट्रामालासारख्यांनी चेंडू घेऊन स्वतः पळत सुटून ती समजूत मोडली.

आणि आवाज. लॅक्रॉसचा बचाव हा बोलण्याचा खेळ आहे. गोलरक्षक सतत चेंडू कुठे आहे ते सांगतो. चेंडूवाल्या अटॅकरसमोर असलेला डिफेंडर ‘माझा बॉल’ म्हणून ओरडतो. तो हरला तर मदतीला जाणारा पहिला गडी ‘हॉट’ म्हणतो, त्याची रिकामी जागा भरणारा ‘टू’. यालाच स्लाइड म्हणतात. पहिला धावतो, दुसरा सरकतो, तिसरा लांबचा पास तोडायला पोचतो, सगळं एका श्वासात. जो डिफेंडर एकट्याने माणूस अडवू शकतो, त्याच्यामुळे बाकीच्या पाच जणांना स्लाइड करावीच लागत नाही. ते आपापल्या माणसाजवळ राहतात, पास द्यायला कुणी मोकळा सापडत नाही, आणि समोरचा अख्खा हल्ला गुदमरतो. पिएट्रामालाची हॉपकिन्सला सर्वात मोठी देणगी ही होती असं मी मानतो, आणि ती कुठल्याही तक्त्यात मांडता येणारी नाही.

त्या काळचा आणखी एक फरक ध्यानात ठेवा. आज कॉलेजात ८० सेकंदांचं शॉट क्लॉक आहे, २०१९ च्या मोसमापासून. चेंडू मिळाला की तेवढ्या वेळात फटका मारावा लागतो. पिएट्रामाला खेळला तेव्हा तसं घड्याळ नव्हतं. अटॅकवाले बराच वेळ चेंडू फिरवत राहू शकत, आणि डिफेंडरला तेवढा वेळ गुडघे वाकवून, काठी वर ठेवून, बोलत राहावं लागे. थकलेल्या पायांवर दीड-दोन मिनिटं शिस्त सांभाळणं काय असतं, ते तुमच्या मुलाला विचारा. शाळेच्या खेळात अजून बऱ्याच ठिकाणी तेच चालतं.

१९८८ मध्ये विजेतेपद सिराक्यूजने नेलं, पण देशातल्या सर्वोत्तम डिफेंडरचा शमाइसर पुरस्कार पिएट्रामालाला मिळाला. १९८९ मध्ये तोच पुन्हा त्याला. तीन वेळा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत.

१९८९ हा त्याचा शेवटचा मोसम, आणि मला सर्वात प्रिय. सिराक्यूजकडे तेव्हा कॅनडाहून आलेले जुळे भाऊ होते, गॅरी आणि पॉल गेट. गॅरीने १९८८ मध्ये एका मोसमात ७० गोल केले होते. त्याच वर्षी उपांत्य सामन्यात गोलच्या मागून झेप घेऊन त्याने वरच्या दांड्यावरून चेंडू आत घातला, आणि तो गोल आजही दाखवला जातो. अशा संघाला १९८९ च्या मोसमात फक्त एकाने हरवलं : हॉपकिन्सने. अंतिम सामन्यात दोघं पुन्हा समोरासमोर आले, मेरीलँडच्या कॉलेज पार्कमध्ये, बर्ड स्टेडियमवर. वीस हजारांहून जास्त लोक होते. सिराक्यूज १३, हॉपकिन्स १२. शेवटच्या क्षणांत सिराक्यूजचा गोलरक्षक मॅट पालम्बने फटके अडवले नसते तर आकडा वेगळा दिसला असता. कॉलेज लॅक्रॉसचा आजवरचा सर्वोत्तम अंतिम सामना म्हणून कितीतरी लोक त्याचंच नाव घेतात.

आता गंमत पाहा, आणि ही तुमच्या मुलाला नक्की सांगा. ज्या बचावाने अंतिम सामन्यात १३ गोल खाल्ले, त्या बचावाच्या म्होरक्याला त्या वर्षी पहिल्या विभागातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून एनर्स पुरस्कार मिळाला. सर्वोत्तम डिफेंडर तर तो होताच. हा सगळ्या जागांमधून सर्वोत्तम. गेट बंधू खेळत असताना. मतं देणारे प्रशिक्षकच होते, आणि प्रशिक्षक हल्ल्याची आखणी करताना आधी हेच पाहतात की समोर कोण उभा आहे आणि कुठल्या बाजूला चेंडू नेण्यात अर्थ नाही. जिथे चेंडू गेलाच नाही, ती बाजू कुणी बंद केली हे त्यांना ठाऊक असतं.

हा मान किती दुर्मीळ आहे ते पुढच्या काळावरून कळतं. २००१ पासून कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला टेवॉराटन पुरस्कार दिला जातो, या खेळातला आज सर्वात मोठा समजला जाणारा. पुरुषांच्या गटात २००१ ते २०२५ या काळात तो एकाही डिफेंडरला मिळालेला नाही. सगळे अटॅकचे नाहीतर मिडफील्डचे. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी तसं उघड म्हणतो. डिफेंडर कमी पडले म्हणून हे झालेलं नाही. मतदारांसमोर गोल आणि असिस्टचे आकडे असतात, अडवलेल्या वाटांचा आकडा नसतो.

कॉलेज संपल्यावर तो अमेरिकेच्या संघाकडून १९९० ची जागतिक स्पर्धा खेळला, ऑस्ट्रेलियात पर्थला. अंतिम सामना कॅनडाशी, म्हणजे समोर पुन्हा गेट बंधू. या वेळी अमेरिका १९–१५ अशी जिंकली. १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरला पुन्हा सुवर्ण, तेव्हाही तो संघात होता. २००४ मध्ये त्याचा राष्ट्रीय लॅक्रॉस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

प्रशिक्षक म्हणून त्याने कॉर्नेलला तीन वर्षं काम केलं आणि २००१ च्या मोसमात तो हॉपकिन्सला परत आला, तो थेट २०२० पर्यंत. २००५ मध्ये संघ एकही सामना न हरता जिंकला, अंतिम सामना ड्यूकशी ९–८. हॉपकिन्सचं १८ वर्षांनी आलेलं विजेतेपद. त्याच्या आधीचं होतं १९८७ चं, पिएट्रामालाच्या स्वतःच्या खेळातलं. २००७ मध्ये पुन्हा ड्यूकच, १२–११. पहिल्या विभागात वर्षातला सर्वोत्तम खेळाडू आणि वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक हे दोन्ही मान मिळवणारा तो एकटा. यात नवल नाही. डिफेंडरला खेळताना सगळं मैदान समोर दिसत असतं, आणि दहा जणांची जागा डोक्यात ठेवूनच त्याला खेळावं लागतं.

मात्र पिएट्रामाला हा एकमेव साचा समजू नका. तुमचा मुलगा सहा फुटांहून उंच होईलच असं नाही. लॉयोलाचा जो फ्लेचर पाहा, कॅनडाकडून खेळलेला. बाल्टिमोरचंच कॉलेज, हॉपकिन्सपासून चालत जाण्याइतकं जवळ. २०१२ मध्ये लॉयोलाने अंतिम सामन्यात मेरीलँडला फक्त तीन गोल करू दिले आणि ९–३ अशी बाजी मारली, त्या बचावात फ्लेचर होता. २०१४ मध्ये डेन्व्हरला जागतिक अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ८–५ हरवलं, तेव्हाही होता. त्याचा खेळ दिसायला शांत. चेकचा आतषबाजीचा भाग कमी, अंतर राखणं आणि वाट बंद करणं जास्त. माझ्याकडच्या सडपातळ मुलांना मी फ्लेचर दाखवतो आणि दांडग्या मुलांना पिएट्रामाला, आणि दोघांना सांगतो की फक्त कमरेखालचं पाहा.

ऑलिम्पिकचा विषय मराठी घरांत हमखास निघतो, म्हणून तेही बोलतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस परत येतोय. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात झाला, क्रिकेटच्या बरोबरीने. पण तिथे खेळला जाईल तो सिक्सेस हा छोटा प्रकार : बाजूला सहा जण, लहान मैदान, ३० सेकंदांचं घड्याळ, आणि गोलरक्षक सोडून सगळ्यांच्या हातात आखूड काठी. लाँग पोल, म्हणजे डिफेंडरची लांब काठी, तिथे नाहीच. मला त्याचं वाईट वाटतं, कारण या खेळातली सर्वात देखणी लढत, सहा फुटी काठी विरुद्ध साडेतीन फुटी, जगाला दिसणार नाही. तुमच्या मुलाला ऑलिम्पिकचं स्वप्न असेल तर आत्तापासून आठवड्यात काही वेळ आखूड काठीनेही झेल-फेक करू द्या. तसंही त्याने हात सुधारतात, आणि क्लिअर करताना फायदा होतो.

आता कॉलेजचं. पहिल्या विभागाचे प्रशिक्षक अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरच्या आधी मुलाशी भरतीबाबत बोलू शकत नाहीत, तसा नियमच आहे. तेव्हा नववीत घाई करण्यासारखं काही नाही. तोवर वेळ आहे, तो पाय आणि कमरेवर घालवा. दोरीवरच्या उड्या, उलट धावणं, दिशा बदलण्याचा सराव. रोज थोडं भिंतीवर चेंडू मारणं, दोन्ही हातांनी. डाव्या हाताने क्लिअर न करता येणाऱ्या डिफेंडरला चांगले संघ एका सामन्यात ओळखतात आणि त्याच बाजूला रेटतात. ज्या खेळात झटकन दिशा बदलावी लागते असा दुसरा एखादा खेळही हिवाळ्यात खेळू द्या, बास्केटबॉल उत्तम. त्यातला बचाव म्हणजे काठीशिवायचा लॅक्रॉसचा बचावच.

मग चित्रफीत. बहुतेक पालक चेक लागले तेवढे तुकडे जोडून पाठवतात. प्रशिक्षक ते पाहतात आणि बाजूला ठेवतात, कारण त्यात आधीची पावलं दिसत नाहीत. तुम्ही अख्खे हल्ले पाठवा, चेंडू आपल्या अर्ध्यात आल्यापासून बाहेर जाईपर्यंत. आठ-दहा पुरेत. त्यात असे दोन तरी असू द्या जिथे त्याच्या माणसाकडे चेंडू आलाच नाही, तरी तो योग्य जागी उभा आहे, मान वळवून चेंडू आणि माणूस दोन्ही पाहतो आहे. एक असा, जिथे तो हरला आणि मागून धावत परत आला. एक स्लाइडचा, एक ग्राउंड बॉलचा, एक क्लिअरचा. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तो कुठला हे एका बाणाने दाखवा आणि समोरचा अटॅकर चांगला असेल तर त्याच्या संघाचं नाव लिहा. कुणासमोर खेळला, याला गोलांच्या आकड्यांपेक्षा जास्त किंमत आहे.

आणि त्या चित्रफितीवर गाणं टाकू नका. मैदानावरचा मूळ आवाज राहू द्या. तो ‘हॉट’, ‘टू’, ‘माझा बॉल’ असं वेळेवर आणि मोठ्याने ओरडतो की नाही, हे प्रशिक्षकांना ऐकायचं असतं.